वाटाण्याचा कोंब, मळवलीचे देव अन् तळेगावचा काच कारखाना : दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्याला विषय कसा सापडला

तळेगाव दाभाडे, प्रतिनिधी : चाकण-तळेगाव रस्त्यानं कधीही जा, कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं मोबाईलवर रील बनवताना दिसतात. त्याच मोबाईलमध्ये टाईमलॅप्स नावाचा एक पर्याय असतो. तासन्‌तास चालणारी गोष्ट तो अर्ध्या मिनिटात पळवून दाखवतो. मागच्या रब्बीत मी वाटाण्याच्या वाफ्यात काठीला मोबाईल बांधून कोंब वर येताना पकडायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत बॅटरी संपली आणि कोंब जागचा हलला नाही. पुतण्या अजून हसतोय.

हाच प्रयोग 1912 साली दादरमधल्या एका घरात झाला होता आणि पूर्ण झाला होता. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. मग ती फिल्म चालवली तर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसला. करणाऱ्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण ज्यांना दादासाहेब फाळके म्हणतो ते.

त्यांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीवर दरवर्षी बातमी येते. पण सिनेमात येण्याआधी हा माणूस वीस वर्षं फोटोग्राफर म्हणून धडपडत होता आणि त्यात त्याचा जम बसत नव्हता, हे फार लोकांना ठाऊक नाही. हातात कॅमेरा आला विशीत. त्या कॅमेऱ्यानं नक्की काय टिपायचं, हे कळलं चाळिशी ओलांडल्यावर. आणि ते कळायच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या मावळात आहे, म्हणून हा लेख.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा

30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पूजाअर्चा, पोथ्या, पुराणं. राम, कृष्ण, हरिश्चंद्र यांच्या गोष्टी मुलाच्या कानावर रोजच पडत असणार. पुढं वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं.

1885 साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तिथून थोरल्या भावासोबत बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांच्या त्या बडोद्यात कलाभवन नावाची संस्था होती, प्राध्यापक गज्जर तिचे प्रमुख. तिथं फाळक्यांनी तैलचित्रं, जलरंग, मूर्तिकाम असं बरंच काही केलं आणि 1890 च्या सुमारास पहिला कॅमेरा घेतला. फोटो काढायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, कागदावर उतरवायचा, बिघडला की परत करायचा. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवून ब्लॉक करणं आणि छपाईची कामंही शिकवून आणली. त्यामुळं ते अगदीच गुरूविना शिकले असं म्हणता येणार नाही. पण फोटोवर पोट भरायचं कसं, हे काही कुठल्या शाळेत शिकवत नव्हते.

1895 ला त्यांनी ठरवलं की आपण फोटोग्राफर व्हायचं, आणि गोध्र्याला जाऊन धंदा मांडला. तिथं प्लेग आला. बायको गेली, मूलही गेलं. 1900 चा सुमार. ती साथ पुणे जिल्ह्यानंही भोगली आहे. चिंचवडच्या चापेकर बंधूंची गोष्ट तिथूनच सुरू होते, त्यामुळं प्लेग म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तीस वर्षांचा हा माणूस एकटाच बडोद्याला परत आला आणि पुन्हा स्टुडिओ काढला. गिऱ्हाईक येईना. कारण काय, तर गावात बोलवा झाली की फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो. आज हसू येतं. पण आमच्या आजीचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही मतदान ओळखपत्राला लागतो म्हणून, आणि त्यातही तिनं डोळे मिटलेत. बडोद्यात तर राजघराण्यातल्या एकाला फाळक्यांनी समजावून फोटोला बसवलं तरी लोकांची भीती गेली नाही. माणसांचे चेहरे टिपायचा धंदा असा बसला. ही चेहऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

मग पोटासाठी जे मिळेल ते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि चक्क जादूचे प्रयोग लावायला लागले. नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके हे आडनाव उलटं वाचा, केळफा होतं. 1902 साली दुसरं लग्न झालं. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची ती भाची. सासरी त्यांचं नाव सरस्वती ठेवलं. या सरस्वतीबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे.

1903 ला सरकारी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी लागली. पगार ठरलेला, काम जुन्या वास्तूंचं. दगड काही फोटोला घाबरत नाही, आयुष्य कमी होईल म्हणत नाही. दुसरा कोणी असता तर तिथंच निवृत्त झाला असता. फाळक्यांनी तीन वर्षांत राजीनामा दिला.

लोणावळ्याचा छापखाना

आता आपल्या मावळात येऊ. 1908 च्या सुमारास फाळक्यांनी लोणावळ्याला ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा कारखाना घातला. लोणावळ्यालाच का, तर जवळ मळवलीला राजा रविवर्म्यानं काढलेला छापखाना होता. मळवली म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांचं स्टेशन, लोणावळा लोकलनं जाणाऱ्यांना रोज लागतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात कमळातली लक्ष्मी, मोर घेऊन बसलेली सरस्वती अशी जी चकचकीत चित्रं भिंतीवर असायची, त्यातली कितीतरी याच छापखान्यातली. शेतकऱ्याच्या घरात मूर्ती नसली तरी चित्र असायचं. त्या चित्रांच्या छपाईसाठी लागणारं फोटोचं काम फाळके लोणावळ्यात बसून करायचे.

माझ्या मते इथं काहीतरी घडलं. त्र्यंबकेश्वरच्या घरात ऐकलेले देव आता त्यांच्या हाताखालून रोज जात होते, कॅमेऱ्यातून आणि शाईतून. अजून ते हलत नव्हते एवढंच.

धंदा वाढला, कारखाना दादरला गेला, नवा भागीदार आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव पडलं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके 1909 ला जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी पटेना. फाळक्यांनी एक पैसा न घेता धंदा सोडला. वय चाळीस, पोरं लहान, हातात काही नाही.

एप्रिल 1911 मध्ये ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले. पडद्यावर जनावरं हलताना दिसली. मुलगा घरी येऊन आईला सांगायला लागला तर घरात कोणाला खरं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन परत गेले. ईस्टरचा सण होता, त्यामुळं त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म लागली होती. ती बघताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढं येशूच्या जागी राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसायला लागली, असं त्यांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. मळवलीचे देव हलायला लागले, म्हणा ना.

डोळे, विमा आणि दागिने

त्यानंतरचं वर्षभर त्यांनी जे केलं त्याला गावाकडं खुळ लागणं म्हणतात. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे. एक लहानसा प्रोजेक्टर आणून रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडायची. पुस्तकं, माहितीपत्रकं जमवायची. झोप नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसायचंच बंद झालं. डॉक्टरांच्या उपचारानं आणि तीन-चार चष्म्यांनी नजर परत आली, आणि ती परत आल्याबरोबर गडी पुन्हा कामाला लागला.

इथं सिनेमा शिकवणारं कोणी नव्हतं. मुंबईत सावेदादा भाटवडेकर नावाच्या फोटोग्राफरनं 1899 मध्येच विलायतेहून कॅमेरा मागवून कुस्तीची फिल्म काढली होती, आणि दादासाहेब तोरण्यांचं पुंडलिक 1912 च्या मे महिन्यात पडद्यावर आलं. पहिला मान कोणाचा यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, तो आपण त्यांच्यावर सोपवू. फाळक्यांना मात्र गोष्ट सांगणारा पूर्ण सिनेमा स्वतःच्या हातानं करायचा होता, शूटिंगपासून धुण्यापर्यंत. त्यासाठी विलायतेला जाणं भाग होतं.

बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उचलले. 1912 सालचे दहा हजार. जमीन गहाण टाकून ट्रॅक्टर घेणाऱ्याला रात्री झोप कशी लागते ते विचारा, म्हणजे अंदाज येईल. 1 फेब्रुवारीला बोट धरली. लंडनमध्ये ओळख ना पाळख. बायोस्कोप नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन धडकले. संपादकानं आधी या धंद्यात पडू नका म्हणूनच सांगितलं, पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर हेपवर्थ नावाच्या मोठ्या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थनं आपला स्टुडिओ उघडून सगळं दाखवलं. दोनच आठवड्यांचा मुक्काम. पन्नास पौंडांचा विल्यम्सन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची खरेदी करून 1 एप्रिलला ते घरी परत आले.

आता सरस्वतीबाई. तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती आपण पाडून घ्यायची. तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. दिवसभर घरकाम उरकल्यावर रात्री हे काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायलाही त्याच. पुढं सिनेमा सुरू झाल्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडं, आणि शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचं कामही त्यांच्याकडं. तारामतीचं काम तूच कर म्हटल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. बाकीचं कोण बघणार होतं?

आणि वाटाण्याची फिल्म याच वेळची. कॅमेरा आला, पण पैसा संपला होता. सावकाराला काहीतरी दाखवायला पाहिजे. म्हणून कुंडी, म्हणून वाटाणा. नाव ठेवलं अंकुराची वाढ. ती बघून पैसे देणारा माणूस पुढं आला. बाकी भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

वांगणीतले दरोडेखोर

राजा हरिश्चंद्रचं काम दादरच्या घरी सुरू झालं. बायकांच्या भूमिकेला बाई मिळेना. नाचगाण्यातल्या बायकासुद्धा सिनेमा म्हटल्यावर नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी, अण्णा साळुंके, त्याची नाजूक बोटं बघून फाळक्यांनी त्याला तारामती केलं. हॉटेलात दहा रुपये मिळायचे, इथं पंधरा. दुसरी अडचण मिशांची. बाईचं सोंग घेणारे गडी मिशी काढायला तयार होईनात, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर. समजूत काढता काढता फाळक्यांचा जीव मेटाकुटीला आला.

बाहेरचं शूटिंग वांगणीला होतं, कल्याण-कर्जत मार्गावरचं ते गाव. नटमंडळी ढाल-तलवारी घेऊन गावात उतरली आणि गावकऱ्यांनी ओळखलं की हे दरोडेखोर. पोलीस पाटलाकडं वर्दी गेली, मंडळींना धरून बसवलं. फाळके मागून आले, त्यांनी कॅमेरा उघडून काम कसं चालतं ते दाखवलं तेव्हा सुटका झाली. यात गावकऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

याच शूटिंगमधला एक प्रसंग सांगतात, तो मात्र गिळवत नाही. भालचंद्र रोहिदासाचं काम करत होता. खेळताना तो खडकावर पडला, डोकं फुटलं, शुद्ध गेली. लोक म्हणाले पोराला मुंबईला न्या. फाळक्यांनी पट्टी बांधली आणि रोहिदास मेलेला दाखवायचा प्रसंग तशाच अवस्थेत उरकून घेतला. मोठी माणसं अशीच असतात म्हणून काही जण कौतुकानं सांगतात. मला त्या वेळी आईच्या मनात काय चाललं असेल तेच डोळ्यांपुढं येतं.

साडेसहा महिन्यांहून जास्त काम चाललं, 3,700 फूट फिल्म तयार झाली. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र लागला आणि मुंबईत चालला. सुरतला मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तिथल्या लोकांना तिकिटाच्या पैशात रात्रभर चालणारं नाटक बघायची सवय, तासाभराचं चित्र त्यांना महाग वाटलं. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात काढली की 57 हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यात. मी हिशेब करून बघितला. एका फुटात सोळा फोटो, म्हणजे 3,700 फुटांत 59 हजारांच्या आसपास. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर. दोन मैल मात्र थाप आहे, पाऊण मैलही भरत नाही. पण बघा, सिनेमा विकताना या माणसाला आधी फोटोच आठवले. जाहिरात लागली आणि गल्ला वाढला.

देवांचाच विषय का धरला

त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि बरंच काही करून बघितलं. पिठाचे पंजे नावाचं विनोदी चित्र केलं. आगकाड्यांची मौज यात काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. प्रोफेसर केळफाची जादूही पडद्यावर आणली. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे तळेगाव काच कारखाना ही छोटी फिल्मही केली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसा फंडाचा तो कारखाना, ज्याचं नाव तळेगावात आजही घेतात, त्याचं चित्रण फाळक्यांनी केलं होतं. आज चाकण पट्ट्यातल्या कंपन्या स्वतःच्या फिल्मा करून घेतात. आपल्या भागातल्या कारखान्यात कॅमेरा शिरला तो तेव्हा.

पण मन रमलं ते पुराणात. लोकांना तेच हवं होतं हे खरं. 1917 च्या लंकादहनात राम आणि सीता दोन्ही कामं साळुंक्यांनीच केली. राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढायचे, आणि मद्रासला जमलेली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली. तरी मला वाटतं केवळ पैशासाठी त्यांनी हा विषय धरला नाही. मारुती आकाशातून उडतो, कालिया डोहातून वर येतो, हे दाखवायला जादूगार लागतो, मूर्तिकार लागतो, पडदे रंगवणारा लागतो आणि अंधाऱ्या खोलीत फिल्मशी खेळणारा फोटोग्राफर लागतो. वीस वर्षांत जे जे धंदे अर्ध्यावर सुटले, ते सगळे या एका विषयात कामाला आले.

1919 च्या कालिया मर्दनात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्राच्या सुरुवातीला गोष्ट सुरूच होत नाही. आधी नुसता त्या लहान मुलीचा चेहरा दिसतो, हसरा, रागावलेला, रडवेला, एकामागून एक. बडोद्यात जे चेहरे कॅमेऱ्यापुढं बसायला तयार नव्हते, त्यांची भरपाई फाळक्यांनी लेकीच्या चेहऱ्यावर करून घेतली असं मला ते बघताना वाटलं. या फिल्मचा बराचसा भाग शिल्लक आहे, इंटरनेटवर सापडतो. मोबाईलवर जरूर बघा, आवाज नाही म्हणून बंद करू नका.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1918 ला मुंबईच्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि खर्चावरून पुन्हा भांडणं. भागीदारी या माणसाला कधी मानवलीच नाही. रागानं काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिलं, परत आले. तोवर बोलपट आला. त्यांचं सगळं कसब डोळ्यांनी बघायच्या चित्राचं, आणि लोकांना आता गाणी ऐकायची होती. कोल्हापूरला 1937 मध्ये गंगावतरण केलं, विषय अर्थात पुराणातलाच. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. लहानमोठी मिळून शंभरावर चित्रं केलेला हा माणूस म्हातारपणी नाशिकला तंगीत राहिला.

तरी कॅमेऱ्याची ओढ काही सुटली नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं, फिल्मचा तुटवडा, आणि सिनेमा काढायला इंग्रज सरकारचा परवाना लागायचा. 1944 च्या जानेवारीत, त्र्याहत्तराव्या वर्षी, फाळक्यांनी आणखी एका चित्रपटासाठी अर्ज केला. 14 फेब्रुवारीला परवाना नाकारला गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 फेब्रुवारीला, नाशिकला ते गेले.